दारावरचा दाखला

आमच्या गावाचं नाव काढलं की पुरुष खाकरतात आणि बायका विषय बदलतात. लोक इथे मजा करायला येतात, आणि काय मजा केली ते घरी गेल्यावर सांगत नाहीत. आम्हाला त्याचं काही नाही. माझी लॉन्ड्री आहे. रात्रीच्या मजेच्या चादरी सकाळी माझ्याकडे येतात आणि धुऊन, खळ घालून, घडी होऊन संध्याकाळी परत जातात. बावीस वर्षं हेच करते आहे. चादरीवरून माणसाला नावं ठेवायची नाहीत, एवढा एक नियम पाळला की धंदा बरा चालतो.

माझ्या दुकानासमोर दहा पावलांवर गल्लीतला सगळ्यात मोठा क्लब आहे. त्याच्या दारावर जो माणूस उभा असतो त्याला सगळे दाखला म्हणतात. जन्मदाखल्यातला दाखला. बाकीच्या क्लबांच्या दारांवर कपाटाएवढी माणसं ठेवलेली असतात. आमचा दाखला किडकिडीत, चष्मा लावणारा, काळा शर्ट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा. पण अठराच्या आतलं कुणी आत गेलं तर क्लबाला कुलूप लागतं, आणि बारा वर्षांत त्याची नजर चुकवून एकही पोर आत गेलेलं नाही. कपाटांना पगार कमी आणि याला जास्त, तो यासाठीच.

त्याआधी तो एका शाळेत कारकून होता. प्रवेशाच्या खिडकीवर बसायचा. तिथे आईबाप पोरांची वयं सहा-सहा महिन्यांनी पुढेमागे करून सांगायचे आणि हा पोराकडे एकदा बघून खरी तारीख सांगायचा. शाळा बंद पडली, मग इथे आला. "तिथे आईबाप खोटं बोलायचे, इथे पोरं बोलतात," तो म्हणायचा, "माझं काम तेच आहे."

त्याची पद्धत मी समोरून रोज बघत आले आहे. कार्ड तो शेवटी बघतो. चेहरा तर बघतच नाही. चेहऱ्याला रंग लावता येतो म्हणतो. आधी हात बघतो. मनगट आधी वाढतं आणि पंजा मागून येतो, हे त्याचं शास्त्र. सोळा वर्षांचं पोर कार्ड दोन्ही हातांनी धरतं आणि पंचवीसचा माणूस दोन बोटांत. शंका आली तर विचारणार, "धाकटं भावंड कितवीत आहे?" पोरं स्वतःची जन्मतारीख घोकून आलेली असतात. स्वतःला तीन वर्षं वाढवतात, पण भावाला वाढवायचं विसरतात. मग दाखला कडेला बोट करतो, आणि पोर निघून जातं. गल्लीतले लोक त्याच्याशी पैज लावायचे. रांगेतला कुणीही दाखवायचा, हा वय सांगणार, आणि कार्ड उघडल्यावर दोन-चार महिन्यांपलीकडे फरक निघायचा नाही. मी एकदाच पैज लावली, माझ्याच वयावर, आणि हरले. पुढे चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.

अशा माणसाला मुलगी आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. मुलगी तीन वर्षांची असताना, पहिल्यापासून परगावी राहणाऱ्या बायकोने काडीमोड घेतला होता आणि मुलगी आईकडे राहिली. चूक कुणाची ते मी विचारलं नाही. वर्षातून दोनदा हा बसने जायचा, दिवसभर मुलीला बागेत फिरवायचा आणि रात्रीच्या बसने परत यायचा. मग बायकोची बदली फार लांब झाली, तेव्हाच याच्या पायाचं ऑपरेशन निघालं, आणि जाणं राहिलं ते तीन वर्षं राहिलंच. रविवारी फोन व्हायचा, पाच-सात मिनिटं.

गेल्या वर्षी, शाळेच्या सुट्टीत, तो दुपारी दुकानात येऊन उभा राहिला. हातात शर्ट नाही, काही नाही. इस्त्रीच्या टेबलाचा कोपरा नखाने खरवडत बसला.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस," मी म्हटलं. "काय हवंय?"

"मुलगी येतेय, ताई. चार दिवस. तिची आजी पडली, तिच्या आईला दवाखान्यात राहायचंय. दुसरं कुणी नाही ठेवायला."

"मग चांगलं आहे की."

"इथे? या गल्लीत?"

तो गल्लीतच राहतो. क्लबाच्या शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, मोरी आणि गल्लीकडे उघडणारी खिडकी. खिडकीबाहेर निऑनचा बाईचा पाय, रात्री सातपासून पहाटेपर्यंत वर-खाली होणारा. बायकोने अट घातली होती. दिवसा काय फिरायचं ते फिरा, पण संध्याकाळी सहानंतर मुलगी खोलीबाहेर पडता कामा नये, आणि रात्रीची ती गल्ली तिच्या नजरेला पडता कामा नये. हे चार दिवस नीट गेले तर मुलगी प्रत्येक सुट्टीला बापाकडे येईल. नाही गेले, तर पुन्हा नाव काढायचं नाही.

हे सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. पण टेबलाचं लाकूड त्याने चांगलं बोटभर सोलून ठेवलं होतं, ते अजून तसंच आहे.

मग तयारी सुरू झाली. मालकाकडून चार रात्रींची रजा घेतली, ऑपरेशन सोडलं तर बारा वर्षांतली पहिली लांब रजा. दारावर उभं राहायला एक नवा पोरगा आणला आणि त्याला तीन दिवस हात बघायला शिकवलं. माझ्याकडून काळ्या कापडाचा दुहेरी पडदा शिवून नेला. निऑनच्या पायवाल्याकडे जाऊन चार दिवस पाय बंद ठेवायची विनंती केली. पायवाला म्हणाला, पाय बंद म्हणजे धंदा बंद. शेवटी पाय फक्त वर ठेवायचा, हलवायचा नाही, यावर तडजोड झाली. त्यातून काय साधलं ते मला अजून कळलेलं नाही.

खरेदीही केली. एक फ्रॉक, खिशावर ससा असलेला. रंगवायची वही आणि बारा खडू. गुलाबी चपला, पट्ट्यावर फूल. फ्रॉक माझ्याकडे इस्त्रीला आला. मी कपड्यांतली बाई, कपडा हातात घेतला की आतलं माणूस डोळ्यांपुढे येतं.

"केवढी आहे रे मुलगी?" मी विचारलं.

"आठ," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "नऊ असेल आता."

जगाची वयं महिन्यांच्या हिशेबाने सांगणारा माणूस 'असेल' म्हणाला, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण समोर हॉटेलच्या साठ उशांचे अभ्रे होते.

बस स्टँडवर तो मलाही घेऊन गेला. सोबत बाई असली की मुलीला बरं वाटेल म्हणाला. बस आली, माणसं उतरली. याची नजर खाली, माणसांच्या कमरेच्या उंचीवर शोधत होती. एक उंच, सावळी मुलगी पाठीला बॅग लावून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याच्या खांद्याला लागत होती. हा तिच्या बाजूने वाकून मागे बघत राहिला.

"बाबा," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, आणि हात जिथे ठेवायची सवय होती तिथे डोकं नव्हतं.

"ही तुझी आत्या," त्याने माझ्याकडे बोट केलं. मुलीने मला नीट बघून घेतलं आणि मान हलवली. मोजकं बोलणारी पोर. वाटेत मी विचारलं, कितवीत आहेस. "सहावीत. अकरा पूर्ण. पुढच्या महिन्यात बारावं लागेल," ती म्हणाली. मग स्वतःच हसली. "नाही, चुकले. बारा पूर्ण होतील." हा पुढे बॅग घेऊन चालला होता, त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

खोलीवर गेल्यावर त्याने एकेक वस्तू काढून दिली. मुलीने फ्रॉक अंगाला लावून बघितला, तो तिच्या मांडीपर्यंत आला. "छान आहे," म्हणाली आणि घडी करून बॅगेत ठेवला. खडू मोजले, "बारा आहेत," म्हणाली. चपला मात्र घातल्या, कारण खोलीतली फरशी गार होती. टाचा दोन बोटं मागे बाहेर राहिल्या. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं. त्याला दिसलं नाही, आणि मीही बोलले नाही. बाप-लेकीच्या मध्ये नाक खुपसायची मला हौस नाही, आणि नंतर या गोष्टीची चुटपुट लागली ती वेगळी.

पहिले दोन दिवस सुरळीत गेले. सकाळची आमची गल्ली म्हणजे दुसरंच गाव. क्लबांची दारं उघडी, आत खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, नळाच्या पाण्याने फरश्या धुतल्या जातायत, रिकाम्या बाटल्यांचे क्रेट दारात. रात्री चमचमणारी गाणारी बाई डोक्याला तेल लावून, जुना गाऊन घालून पायरीवर बसलेली. तिने मुलीची सुट्टीतली गणितं सोडवून दिली, त्यातली निम्मी चुकली. मुलीने ती रबराने खोडून पुन्हा केली, पण बाईला कळू न देता. दाखला मुलीला दिवसभर फिरवायचा. घसरगुंडीवर घेऊन गेला. मुलगी घसरगुंडीवर बसली, खाली आली, आणि त्याच्यासाठी आणखी एकदा बसली. रस्ता ओलांडताना तो तिचं मनगट धरायचा. रात्री झोपताना गोष्ट सांगायचा, कोल्ह्याची. हे मला तिनेच सांगितलं.

"मग तू काय करतेस?"

"ऐकते," ती म्हणाली. "ती मला पाठ आहे. बागेत सांगायचे तीच आहे."

सहाला दार बंद, काळा पडदा बंद. खालून क्लबाचा ढोल जमिनीतून पायात यायचा. साडेआठला तिच्या आईचा फोन. रोज तोच प्रश्न, "खोलीतच आहेस ना?" आणि रोज तेच उत्तर. दाखला बाजूला उभा राहून ऐकायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता माशी शिंकली. नव्या पोराने आदल्या रात्री सतरा वर्षांच्या दोघांना आत सोडलं होतं. कुणीतरी तक्रार केली, आणि आज तपासणीला माणसं येणार अशी आतली खबर मालकाला लागली. मालकाचा निरोप आला, दोन तास ये, नाहीतर कायमचा येऊ नकोस. दाखला मुलीला घेऊन माझ्याकडे आला. दहा पावलं ओलांडताना त्याने तिच्या डोक्यावरून आपलं जाकीट टाकलं होतं, जसं पावसातून नेतात.

"ताई, दोन तास. शटर अर्धं खाली ठेव. मागे बसव."

"जा तू."

मागच्या खोलीत बॉयलर असतो. तिथे माणूस दहा मिनिटांत उकडून निघतं. तो गेल्यावर मी तिला पुढे टेबलापाशी घेतलं. शटर अर्धं खाली होतं, पण बसलेल्या माणसाला त्याच्याखालून समोरचं दार अगदी बरोबर दिसतं. मी गेली बावीस वर्षं तिथेच बसते. हे माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. मला वाटलं, बापाचं काम बघितलं तर बिघडतं कुठे? चादरी मी चार लोकांच्या धुते, तो तर नुसता उभा राहतो.

ती तासभर बघत होती. दोरीमागे रांग लागलेली, माणसं हसतायत, एकमेकांच्या अंगावर पडतायत. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती दाखल्याकडे बघत होती. त्याने एकाला कडेला बोट केलं, मग दोन मुलींना, मग एका दाढीवाल्याला.

"त्यांना कसं कळतं, आत्या?"

मी सांगितलं. मनगट, पंजा, दोन बोटं, धाकटं भावंड. पैजांचंही सांगितलं. माझ्या पैजेचं सोडून.

"चेहरा बघतच नाहीत?"

"नाही."

"सगळ्यांचं बरोबर येतं?"

"आजवर तरी."

पुढे मी अभ्र्यांच्या गठ्ठ्याकडे वळले. मोजून बांधायला पाच मिनिटं लागली असतील. वळून बघते तर स्टूल रिकामं. खुंटीवरचा, गाणाऱ्या बाईचा टोपीवाला लांब कोट गेलेला. मी शटरखालून वाकले. कोट घातलेली एक बारीक आकृती दोरीमागे उभी होती, तिच्यापुढे चार माणसं. हाक मारावी तर सगळी गल्ली बघणार. पळत जावं तर तेच. आणि खरं सांगायचं तर, एवढ्या भीतीतही मला बघायचं होतं.

एक माणूस आत गेला. दुसरा गेला. दोघं नवरा-बायको गेले. ती पुढे सरकली, टोपी कपाळावर ओढलेली, आणि दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. हातात कार्ड नव्हतं, काही नव्हतं. नुसते हात.

दाखल्याने मान खाली घातली आणि हात बघितले. नेहमीसारखेच, दोन क्षण.

"अकरा," तो म्हणाला. त्याचा कामाचा आवाज मला दहा पावलांवरून ऐकू येतो. "महिन्याभरात बारा होतील. कुणाबरोबर आली आहेस तू? घरी जा."

आणि कडेला बोट दाखवताना त्याची नजर खाली गेली. कोटाखाली गुलाबी चपला होत्या, पट्ट्यावर फूल असलेल्या, आणि दोन्ही टाचा फरशीवर.

त्याचं बोट तसंच राहिलं. रांगेतलं कुणीतरी मागून ओरडलं, चला की हो पुढे. त्याने दोरी उचलली, नव्या पोराच्या हातात दिली, आणि मुलीला घेऊन रस्ता ओलांडून आला. या वेळी मनगट धरलं नव्हतं. ती आपली आपण चालत होती, तो बाजूने.

मी शटर पूर्ण खाली ओढलं. मला वाटलं आता मला बोलणार, आणि माझी बोलून घ्यायची तयारी होती. तो चादरींच्या गठ्ठ्यावर बसला. बराच वेळ चपलांकडे बघत होता.

"लहान आहेत," तो म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून," मुलगी म्हणाली.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने आणल्या होत्या." मग थोड्या वेळाने, "पण तुम्ही बरोबर सांगितलंत, बाबा. अकरा."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. माझ्या हातच्या परीटघडीचा शर्ट होता, चुरगळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं, चष्माच पुसत होता. त्याच्याबद्दल मला कधी नव्हे इतकं वाईट वाटलं. तीन वर्षं त्याने पाहिली नव्हती म्हणून मोजलीच नव्हती. आणि ज्या क्षणी मोजली, तेव्हा ती दुसऱ्याच कुणाची पोर म्हणून.

साडेआठ वाजले होते. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला.

आम्ही तिघांनी फोनकडे बघितलं. प्रत्येक सुट्टी त्या फोनमध्ये होती. एक 'हो' म्हटलं की काम झालं असतं, आणि ते 'हो' कसं म्हणायचं हे अकरा वर्षांच्या पोराला कळतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने काही खूण केली नाही. बारा वर्षं पोरांचं खोटं पकडून पोट भरलेला माणूस, स्वतःच्या पोरीला खोटं कसं सांगायला लावणार? त्याने फोन तिच्या हातात दिला.

"खोलीतच आहेस ना?" पलीकडून आवाज आला. इतक्या लहान दुकानात सगळं ऐकू येतं.

"नाही, आई," मुलगी म्हणाली. "मी बाबांच्या क्लबच्या रांगेत उभी राहिले होते. बाबांनी मला आत नाही सोडलं."

बॉयलरने मागे एकदा सुस्कारा टाकला. मी हातातला अभ्रा चार वेळा घडी करून चार वेळा उलगडला.

"कोणी बरोबर होतं तुझ्या?"

"कोणी नाही. माझी मीच गेले. बाबांनी हात बघून वय ओळखलं. महिन्यासकट." मग ती आणखी एक वाक्य बोलली, हळू. "आई, त्यांना माहीतच नव्हतं मी केवढी झाले ते."



"त्याला दे," आई म्हणाली.

दाखल्याने फोन कानाला घट्ट लावला, त्यामुळे पुढचं ऐकू आलं नाही. तो नुसतं "हो" म्हणत होता. हो. हो. चूक झाली. हो. मग एकदम माझ्याकडे हात करून पेन्सिल मागितली. चादरींच्या पावतीच्या पाठीवर त्याने काहीतरी लिहिलं, थांबला, खोडलं आणि दुसरं लिहिलं. फोन ठेवला आणि पावती हातात घेऊन बसून राहिला.

"काय म्हणाली?" मी विचारलं. राहवलंच नाही.

"चपलांचा नंबर दिला," तो म्हणाला. त्याने पावती माझ्यापुढे धरली. खोडलेला छत्तीस, आणि त्याच्याखाली सदतीस. "म्हणाली, आता छत्तीस लागतो. पण पुढच्या सुट्टीला येईल तोवर सदतीस लागेल."